जुनी इमारत, नवे भाडेकरू आणि आमचे नाना

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दहा दिवस महाभारत चालू आहे. विषय एकच, नानांचं फोर्टातलं ऑफिस. ज्यांना आमचं गोत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाना म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. फोर्टात एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची दोनशे वीस चौरस फुटांची खोली आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी तेव्हाच्या रीतीप्रमाणे पगडी देऊन घेतलेली. तिथून त्यांनी सेल्स टॅक्सची कामं केली, आता आतेभाऊ तिथेच बसून जीएसटीची करतो. कपाटं तीच, गिऱ्हाइकं बरीचशी तीच, फक्त कराचं नाव बदललं.

तर या इमारतीच्या मालकाचं पत्र आलंय. इमारतीचं नूतनीकरण करायचंय. नवी लॉबी, नव्या लिफ्टा, सेंट्रल एसी. मग अख्खे मजले मोठ्या कंपन्यांना द्यायचे. जुन्या भाडेकरूंनी एक तर रक्कम घेऊन जागा सोडावी, नाहीतर लीव्ह अँड लायसन्सचा नवा करार करून नव्या भाड्याने राहावं.

ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, "हक्काची जागा आहे, एक इंच सोडू नका." दुसरा म्हणतो, "किती दिवस त्या पडक्या जिन्यावरून वर-खाली करणार? पैसे घ्या आणि मोकळे व्हा." मी गेली बावीस वर्षं इमारतींच्या एसी-लिफ्ट-वायरिंगच्या कामात आहे, त्यामुळे "तू सांग, तुला कळतं यातलं" असा आदेश निघाला. सांगायला बसलो तर तीन-चार ओळींत मावेना. म्हणून इथेच लिहितोय. घरच्यांनीही इथेच वाचावं (आणि कृपया उत्तर म्हणून गुड मॉर्निंगचं फूल पाठवू नये).

माझं मत आधीच सांगून टाकतो. इमारत बदलायला हवी, यात मालकाचं काहीच चूक नाही. पण तो पैसा भलतीकडे घालायला निघालाय. आणि जास्त भाड्याचा भाडेकरू यावा म्हणून लहान भाडेकरू झाडून सगळे काढलेच पाहिजेत, हे गणित मला पटत नाही. नानांच्या बाजूने बोलायचं म्हणून नव्हे, मालकाच्या खिशाच्या बाजूनेसुद्धा पटत नाही.

आधी मालकाची बाजू, कारण ती आमच्या ग्रुपवर कुणीच मांडत नाही.

मुंबईतल्या जुन्या इमारती अशा का झाल्या, याचं उत्तर बऱ्याच अंशी भाडेनियंत्रण कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने 'प्रमाण भाडं' १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं, आणि त्यानंतर दिलेल्या जागांचं पहिल्यांदा दिल्या तेव्हाच्या पातळीवर. युद्धाचा, फाळणीचा काळ, शहरात माणसांचा लोंढा. त्या वेळी ते योग्यच असेल. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पुन:पुन्हा मुदत वाढवून घेत राहिला. १९९७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भाडं असं कायमचं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली.

चार टक्के म्हणजे किती, बघा. समजा एखाद्या खोलीचं भाडं २००० साली महिना १००० रुपये होतं. दर वर्षी चार टक्के चढत गेले तरी पंचवीस वर्षांनी ते होतं सुमारे २६६६ रुपये. एवढ्यात लिफ्टमन तरी कुठे मिळतो? मग मालक काय करतो? काहीच करत नाही. पाण्याची टाकी गळते, जिन्याच्या फळ्या खिळखिळ्या होतात, वायरींवर वायरी चढत जातात. भाडेकरूही काही करत नाही, कारण इमारत त्याची नाही. दोघंही खोलीच्या दोन टोकांना धरून बसलेले, आणि मधे छत खाली येतंय.

ही अतिशयोक्ती नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल, सगळ्यांनी येता-जाता पाहिली असेल. १८६० च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचा सांगाडा आणून उभी केलेली इमारत. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईकरांनी पहिल्यांदा पाहिली ती इथेच. पुढे हॉटेल बंद झालं, खोल्यांची ऑफिसं झाली, शेजारी कोर्ट असल्यामुळे वकिलांची चेंबर्स आणि खाली झेरॉक्सवाले. भाडी नाममात्र, दुरुस्ती त्याहून नाममात्र. २००५ साली तिचा एक भाग कोसळून माणूस दगावला. शेवटी २०१९ साली कोर्टाच्या आदेशाने ती रिकामी करावी लागली. म्हणजे इतकी वर्षं ज्यांना कायद्याने 'संरक्षण' होतं त्या लहान भाडेकरूंचं शेवटी झालं काय? तेही गेलेच. "एक इंच सोडू नका" म्हणणाऱ्या तटाने एकदा त्या फुटपाथवर उभं राहून वर बघावं.

आता १९९९ च्या कायद्यातली एक मेख सांगतो, म्हणजे मालकाचं पत्र आत्ताच का आलं ते कळेल. या कायद्याने बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या प्रायव्हेट आणि पब्लिक लिमिटेड कंपन्या यांचं भाडे-संरक्षण काढून घेतलं. म्हणजे मोठ्यांना बाजारभाव आणि छोट्यांना संरक्षण. त्याच सुमाराला वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहत होतं. मोठे मजले, गाड्या लावायला जागा, विमानतळ जवळ. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज तिकडे गेलं, बँका गेल्या. जिथे तसंही बाजारभावाने भाडं द्यायचं, तिथे फोर्टच्या जिन्यावर धापा कोण टाकणार? फोर्टात राहिले ते संरक्षणवाले. नरिमन पॉइंटचाही रुबाब उतरला. एअर इंडियाने आपलं मुख्यालय २०१३ साली दिल्लीला हलवलं, आणि ती समुद्राकाठची १९७४ ची प्रसिद्ध इमारत शेवटी राज्य सरकारनेच १६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं.

मग फोर्टला आत्ता भाव का? माझ्या मते मुख्य कारण जमिनीखाली आहे. भुयारी मेट्रो-३ चा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. आता कफ परेड, विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी ही स्थानकं थेट वांद्रे-कुर्ला संकुलाला आणि विमानतळाला जोडली गेली. गाडी लावायला जागा नाही, ही फोर्टची जुनी अडचण एकदम निम्मी झाली. मालकाच्या हे लक्षात आलं यात त्याचा काय दोष? उलट पन्नास वर्षं हातावर हात ठेवून बसलेला माणूस उठतोय, हे चांगलंच म्हणायचं.

आता माझ्या धंद्याची गोष्ट.

जास्त भाडं देणारा भाडेकरू इमारत बघायला येतो तेव्हा काय बघतो? मालकांना वाटतं लॉबी. इटालियन संगमरवर, छताला झुंबर, काउंटरमागे गणवेशातली मुलगी. लॉबी तो बघतो हे खरं, पण दीड मिनिट. मग तो टॉयलेट बघतो. (हसू नका. मी हे अनेकदा पाहिलंय. ज्या इमारतीचं कॉमन टॉयलेट कोरडं आणि बिनवासाचं, तिथली पुढची बोलणी निम्मी झाल्यात जमा.) मग लिफ्टपाशी उभा राहून घड्याळ बघतो. मग त्याचा माणूस विचारतो, वीज गेली तर जनरेटर किती लोड घेतो? आगीची व्यवस्था कशी आहे, दुसरा जिना आहे का, फायर ब्रिगेडची एनओसी आहे का? एसी संध्याकाळी सहानंतर बंद होतो का? शनिवारी? खिडकीजवळ बसणाऱ्यांना उन्हाचा चटका लागतो का? या सगळ्याची उत्तरं संगमरवराच्या मागे असतात. भिंतीत, शाफ्टमध्ये, गच्चीवर.

फोर्टातल्या इमारतींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. तिथले दर्शनी भाग तसेही बदलता येत नाहीत. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, दर्शनी भागाला हात लावायचा तर समितीची परवानगी लागते. आणि बदलायचा तरी कशाला? तो नक्षीचा दगड आणि ती कमानदार खिडकी नवी इमारत कुठून आणणार? देखणेपण या इमारतींकडे फुकट आहे. छतं उंच आहेत, डक्ट आणि केबल फिरवूनही डोक्यावर भरपूर जागा उरते. नाही ते फक्त आतलं. म्हणून मी म्हणतो, मालक लॉबीत पैसा ओतणार असेल तर तो ज्याची ददात नाही तेच विकत घेतोय.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईचं नाही, न्यूयॉर्कचं आहे, आणि आमच्या धंद्यात ते शाळेतल्या धड्यासारखं सांगितलं जातं. एम्पायर स्टेट बिल्डिंग. ही १०२ मजली इमारत १९३१ च्या मे महिन्यात उघडली ती ऐन मंदीत. इतकी रिकामी होती की लोक तिला 'एम्प्टी स्टेट बिल्डिंग' म्हणायचे. पुढे ती जगप्रसिद्ध झाली खरी, पण शतक संपेपर्यंत ऑफिस म्हणून तिची कळा गेली होती. शेकडो बारके भाडेकरू, अंधारे बोळ, गळक्या खिडक्या. पर्यटक वरून शहर बघायला यायचे, मोठ्या कंपन्या मात्र दुसरीकडे जागा घ्यायच्या.

अशी अवस्था का आली? कारण वाचून तुम्हाला मुंबईची आठवण होईल. १९६१ साली एका व्यवहारात इमारतीची मालकी एकाकडे गेली आणि शंभरहून जास्त वर्षांचा भाडेपट्टा दुसऱ्याकडे. रोजची व्यवस्था बघणारी कंपनी आणखी तिसरीच. मालकाला मिळणारं भाडं ठरलेलं आणि चिमूटभर. त्यामुळे मालकाला रस नाही, आणि पट्टेदाराला मालकी नाही. ९० च्या दशकात डोनाल्ड ट्रम्प मालकीत भागीदार झाले आणि पट्टेदारावर खटलाच भरला की तुम्ही इमारत नीट ठेवत नाही, बाहेर व्हा. खटला काही टिकला नाही. शेवटी २००२ साली पट्टेदारांनीच पावणेसहा कोटी डॉलरला मालकी विकत घेतली आणि २००६ मध्ये व्यवस्थाही ताब्यात घेतली. म्हणजे मालकी, ताबा आणि देखभाल एका हातात आली. त्यानंतरच काम सुरू झालं. आमच्याकडे पगडीच्या इमारतींत हेच तीन धागे वेगवेगळ्या हातांत असतात, आणि गाठ सोडवायला कुणी बसत नाही.

त्यांनी काम कसं केलं ते ऐका. एकूण योजना पन्नास कोटी डॉलरच्या घरातली होती. २००९ साली त्यातला ऊर्जेचा भाग जाहीर झाला. साधारण मालक म्हणाला असता, एसीची यंत्रं जुनी झालीत, मोठी नवी आणा. यांनी उलट प्रश्न विचारला, की उष्णता आत येतेच का? सगळ्या मिळून ६५१४ खिडक्या. त्या फेकून दिल्या नाहीत. पाचव्या मजल्यावर एक छोटा कारखानाच थाटला. खिडक्या काढून तिथे आणायच्या, दोन काचांच्या मधे उष्णता अडवणारी फिल्म ताणायची, विशिष्ट वायू भरायचा, आणि परत नेऊन बसवायच्या. नव्वद टक्क्यांहून जास्त जुनी काच आणि चौकटी पुन्हा वापरल्या. काम बरंचसं रात्री चालायचं. सकाळी भाडेकरू येऊन आपापल्या टेबलावर बसायचे, खिडकी बदललेली! रेडिएटरच्या मागे इन्सुलेशन घातलं, दिवे आणि नियंत्रणं बदलली. या सगळ्यामुळे थंडाव्याची गरजच साधारण एक तृतीयांश कमी झाली, आणि मग मोठी नवी चिलर यंत्रं आणायची वेळ आली नाही. जुनीच दुरुस्त करून भागलं. तिथे वाचलेले पैसे खिडक्यांना कामी आले. ऊर्जाबचतीचा म्हणून जो जादा खर्च झाला तो सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर, आणि वर्षाची बचत धरली होती ४४ लाख डॉलर. वीज-वाफेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी. तीन वर्षांत पैसे वसूल. कामाचा क्रम बघा. आधी भोक बुजवलं, मग बादली किती मोठी लागेल ते ठरवलं.

लॉबी केली नाही का? केली, पण तीही आमच्या मालकाच्या पद्धतीने नाही. १९६० च्या दशकात कुणीतरी 'आधुनिक' करायच्या नादात छताखाली प्लॅस्टिकचे पॅनेल आणि ट्यूबलाइट लावून मूळचं सोनेरी वर्खाचं छतचित्र झाकून टाकलं होतं. ते पॅनेल काढून चित्र मुळाबरहुकूम पुन्हा घडवलं. त्याला अख्खी इमारत बांधायला लागला होता त्याहून जास्त वेळ लागला! म्हणजे लॉबीत नवं काही आणलं नाही, मधल्या काळात आणलेलं काढलं. फोर्टातल्या किती तरी जिन्यांच्या कठड्यांवर ऑइलपेंटचे दहा-दहा थर आहेत, खाली उत्तम बिडाचं काम आहे. त्याला संगमरवर नको, फक्त खरवडणारा माणूस हवा.

परिणाम? लिंक्डइन, कोटी, स्कान्स्का अशा मोठ्या कंपन्या तिथे आल्या. भाडी वाढली. 'एम्प्टी स्टेट'ची 'फुल्ल' झाली. :)

इथपर्यंत गोष्ट सुखान्त आहे, आणि आमच्या धंद्यातल्या सेमिनारात ती इथेच थांबते. टाळ्या, चहा, बिस्किटं. पण मला त्या शेकडो बारक्या भाडेकरूंचं कुतूहल आहे. मोठ्या कंपनीला अख्खा मजला हवा असतो. तो मोकळा करायचा तर पंधरा-वीस खोल्यांचे करार संपायची वाट बघायची, नवे करायचे नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ऑफिसांना-दुकानांना भाडेनियंत्रण एके काळी होतं, १९४५ ते १९६३. ते संपल्यापासून करार संपला की विषय संपला. एका कराराने आलेला माणूस एका तारखेला निमूट गेला. बेकायदा काही नाही. पण ३८ टक्क्यांच्या आकड्यात तो कुठेच नाही.

योगायोग म्हणजे ज्या १९६१ साली तो पट्ट्याचा व्यवहार झाला, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येच राहणाऱ्या जेन जेकब्ज यांचं शहरांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्यात त्यांचा एक मुद्दा असा आहे की शहराला जुन्या, साध्या इमारती लागतातच. कारण जो धंदा अजून चालायचाय त्याला नव्या बांधकामाचं भाडं परवडत नाही. मला वाटतं, जो धंदा शांतपणे चालून चुकलाय, पण कधीच मोठा होणार नाही, त्यालाही हेच लागू आहे. नानांची गिऱ्हाइकं कोण? मशीद बंदरचा मसाल्याचा व्यापारी, लोहार चाळीतला वायरवाला, एक-दोन लहान प्रेस. काचेच्या इमारतीत सिक्युरिटीला ओळखपत्र दाखवून, फोटो काढून, पास छातीवर लावून ही माणसं वर्षाची वहीखाती घेऊन येणार नाहीत. नाना फोर्टात आहेत म्हणून ते येतात. आणि ते येतात म्हणून खालचा चहावाला चालतो, बाजूचा बाइंडर चालतो, स्टॅम्पपेपरवाला चालतो. 'फोर्टात ऑफिस' याला जी किंमत आहे ती या गजबजाटामुळेच. मोठ्या कंपनीला वांद्रे-कुर्ला सोडून इथे यायचंय ते कशासाठी? कोर्ट जवळ, जेवायला शंभर जागा, पायी चालण्यासारखी गल्ली. ती गल्ली रिकामी करून तिला गल्लीचंच आमिष दाखवायचं?

असो. भावनेचं झालं. आता हिशोब, कारण मालक भावनेवर चालत नाही आणि चालूही नये.

आकडे समजण्यापुरते धरतो. समजा बाजारभावाने दिलेल्या एका मजल्याचं आजचं भाडं चौरस फुटाला महिना ६० रुपये आहे आणि काम झाल्यावर ते १४० होईल. वाढ ८० ची. कामाचा खर्च चौरस फुटाला ३००० रुपये. तर ३००० भागिले ८०, साडेसदतीस महिन्यांत वसूल. छान! पण त्यासाठी मजला वर्षभर रिकामा ठेवला तर बुडालेलं भाडं ७२० रुपये. खर्च झाला ३७२०, वसुली साडेशेहेचाळीस महिने. दलाली, नव्या भाडेकरूला द्यावे लागणारे बिनभाड्याचे पहिले काही महिने, जुन्यांना द्यायची रक्कम, आणि एखादा कोर्टात गेला तर लागणारी स्थगिती, हे सगळं वेगळंच. फोर्टात 'एखादा' कोर्टात जातोच, कोर्ट पायी अंतरावर आहे! म्हणजे या सगळ्या योजनेत सगळ्यात महाग वस्तू संगमरवर नाही, लिफ्ट नाही. रिकामा वेळ आहे. म्हणूनच न्यूयॉर्कवाल्यांनी लोक बसलेले असताना रात्री खिडक्या बदलल्या.

मग मी मालकाचा सल्लागार असतो तर काय सांगितलं असतं?

एक, सगळी इमारत एकदम रिकामी करू नका. एक मजला मोकळा करा, बाकीच्यांना आळीपाळीने तिथे हलवा, मजला-मजला करत वर जा. वेळ लागेल, पण भाडं चालू राहील आणि कोर्टाची तारीख पडणार नाही.

दोन, पैसा या क्रमाने घाला. आधी आग आणि वीज, म्हणजे वायरिंग, दुसरा जिना, पाण्याची व्यवस्था. मग छत आणि खिडक्या. मग लिफ्ट आणि टॉयलेट. मग एसी, तोवर तो किती लहान लागेल ते कळलेलं असेल. लॉबी सगळ्यात शेवटी, आणि तिथे फक्त घासा-पुसा.

तीन, आणि हे नानांसाठी. एक मजला लहान खोल्यांसाठी ठेवा. उपकार म्हणून नव्हे. बारक्या जागेला चौरस फुटामागे मोठ्या जागेपेक्षा जास्त भाव मिळतो, हे कुठलाही दलाल सांगेल. को-वर्किंगवाल्यांचा सगळा धंदाच त्यावर उभा आहे, घाऊक भावात मजला घ्यायचा आणि किरकोळीत टेबलं विकायची. मग हा नफा मालकाने स्वत: का घेऊ नये? शिवाय मोठा भाडेकरू जातो तेव्हा अख्खा मजला एका दिवसात रिकामा होतो. २०२० साली लोक घरून काम करायला लागले तेव्हा हे जगभरच्या मालकांनी अनुभवलं. वीस लहान भाडेकरू एका दिवसात जात नाहीत.

आता घरच्यांना.

"एक इंच सोडू नका" वाल्यांनो, इंच धरून ठेवला आणि स्लॅब पडला तर इंचाचं काय करायचं? जे भाडं आज आपण देतो त्यात इमारत उभी राहू शकत नाही. हे आपल्याला कळतं, फक्त कबूल करायला जड जातं. भाडं वाढवून द्यायला नानांनी तयार व्हावं. आतेभावाचा धंदा नीट चालतो, त्याला झेपेल असा आकडा निघू शकतो, टप्प्याटप्प्याने.

"पैसे घ्या आणि मोकळे व्हा" वाल्यांनो, पैसे घेऊन दोनशे वीस चौरस फूट कुठे मिळणार? मिळाले तरी मशीद बंदरचा व्यापारी तिथे येणार का? आणि मोकळं कुणाला व्हायचंय? नाना ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून मंगळवार-शुक्रवार ऑफिसला जातात. आत्याला विचारा ते मोकळे झाले तर घरात काय होईल :)

माझा सल्ला मधला आहे. नव्या लीव्ह अँड लायसन्सवर सही करायची नाही, कारण त्या सहीबरोबर भाडेकरूपणच जातं आणि मुदत संपली की हातात काही उरत नाही. पण नकाराचं पत्रही पाठवायचं नाही. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून काम झाल्यावर परत येण्याची सोय कायद्यातच आहे, वकील ते कलम दाखवेल. त्याच्या आधाराने मालकासमोर लेखी प्रस्ताव ठेवायचा. आम्ही भाडं वाढवून देतो, खोली मोठ्या मजल्याच्या आड येत असेल तर इमारतीतच दुसऱ्या मजल्यावर, थोडी लहानही घेतो. बदल्यात काम पूर्ण होण्याची तारीख, तोवरची पर्यायी जागा आणि भाडेकरू म्हणून परत येण्याचा हक्क, तिन्ही गोष्टी नोंदणीकृत करारात. आणि एकट्याने नाही. त्या जिन्यावर आणखी अकरा जण आहेत, त्यांना सोबत घ्यायचं. बाराजणांचं एक पत्र मालकाला बारा खटल्यांपेक्षा नक्कीच स्वस्त वाटेल.

मालक ऐकेल का? व्यवहारी असेल तर ऐकेल. त्याला आपल्यापेक्षा जास्त घाई आहे. मेट्रो सुरू झाली आहे, शेजारच्या इमारतींचे मालकही हेच करायला निघालेत, आणि भाव पहिल्यांदा तयार होणाऱ्याला मिळतो. घाई असलेल्या माणसाशी बोलणी करायला हीच वेळ बरी.

आतेभावा, तू ग्रुपवर गप्प आहेस, पण वाचतोयस हे माहीत आहे. पहिलं काम म्हणजे एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून इमारत तपासून घ्या, बाराजणांनी वर्गणी काढून. मालकाचा अहवाल मालकाचा, आपला आपल्याकडे हवा. वायरिंग बघायला मी येतो, त्याची फी आत्याच्या हातची साबुदाण्याची खिचडी.

वाचकांपैकी कुणी अशा जुन्या इमारतीत भाडेकरू किंवा मालक म्हणून या चक्रातून गेलं असेल तर जरूर लिहा. विशेषत: मालकांनी. आमच्या ग्रुपवर त्यांची बाजू मांडायला सध्या मी एकटाच आहे, आणि पुढच्या रविवारी सगळे आमच्याकडेच जेवायला येणार आहेत.